डासांच्या अळ्या आणि वनस्पतींची सुगंधी तेले
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान व आरोग्य यांचा संयुक्त प्रयोगपाठ)



पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की आपल्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. कारण विचारावे तर “ताप येतो” एवढेच उत्तर मिळते. एका घरातील एक मूल बरे होऊन शाळेत येते, तोच त्याच घरातील दुसरे अंथरूण धरते. हा ताप दर वेळी डासांपासूनच झालेला असतो असे नाही. तथापि हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या व हत्तीरोग हे चारही रोग डासांच्या द्वारे पसरतात आणि त्या डासांची पैदास बहुधा आपल्याच अंगणात, आपल्याच साठवणीच्या पाण्यात होत असते.

अलीकडे “पाण्यात अमुक तेलाचे चार थेंब टाका, म्हणजे डास नाहीसे होतील” अशा सूचना गावोगाव ऐकू येतात. मुले त्या घरून ऐकून येतात व शाळेत विचारतात. या सूचनांत तथ्य आहे काय, असल्यास किती, आणि ते कसे पारखावे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे एवढ्यासाठी हा पाठ योजिला आहे. मुलांच्या हाती केवळ माहिती न देता ती पारखण्याची रीत द्यावी, हा त्यामागील मुख्य हेतू होय.

१. शिक्षकांसाठी पूर्वज्ञान

(अ) डासाचा जीवनक्रम : डासाच्या आयुष्यात अंडे, अळी, कोष व पूर्ण डास अशा चार अवस्था असतात. यांपैकी अळी व कोष या अवस्था पाण्यावाचून पार पडत नाहीत. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. अळी या मुदतीत चार वेळा कात टाकते व चौथ्या कातेनंतर तिचा स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष बनतो. कोष काहीही खात नाही. मात्र तो हालचाल करतो व श्वासासाठी पृष्ठभागाशी येतो. दोनेक दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. रक्त शोषते ती केवळ मादी. नराची उपजीविका फुलांतील मधावर व वनस्पतींच्या रसावर चालते.

गावात आढळणाऱ्या डासांचे तीन प्रकार मुलांना ओळखता यावेत. ॲनाफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी तरंगते. हा हिवतापाचा वाहक. क्युलेक्स व एडीस यांच्या अळ्या शेपटीकडील श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली अशा तिरप्या लोंबतात. क्युलेक्स गटारांत व घाण पाण्यात वाढतो आणि त्याची एक जात हत्तीरोग पसरविते. एडीस डास मात्र घरातील स्वच्छ पाणी पसंत करतो. रांजण, पिंप, हौद, फुलदाणी, टाकून दिलेला टायर व नारळाची करवंटी ही त्याची माहेरघरे होत. डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार तोच करतो. एडीसची मादी अंडी पाण्यावर न घालता भांड्याच्या आतील ओल्या कडेला चिकटविते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. यासाठीच भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. ते आतून घासावे लागते.

डास व हिवताप यांचा संबंध आपल्याच देशात सिद्ध झाला, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

(आ) नवी साधने का शोधावी लागली : १९३९ साली पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला. आपल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ साली हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर डी. डी. टी.ची फवारणी होऊ लागली. १९६५ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. रोग संपला असे वाटू लागले. परंतु पुढील काळात अनेक ठिकाणचे डास त्या द्रव्यास दाद देईनासे झाले, कामातही शैथिल्य आले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांच्या वर गेली. एकाच औषधावर विसंबून राहिल्याने काय होते, हा धडा त्यातून मिळाला. त्यानंतर डास अळीच्या अवस्थेतच कसा नष्ट करता येईल याकडे अधिक लक्ष गेले. गप्पी मासे सोडणे, १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात आढळलेल्या अळीनाशक जीवाणूचा उपयोग करणे, आणि वनस्पतिजन्य द्रव्यांची पारख करणे हे त्यातील काही मार्ग होत. सुगंधी तेले या तिसऱ्या मार्गात येतात.

(इ) तेले दोन प्रकारची : तेल म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे गोडे तेल येते. शेंगदाणा, करडई, तीळ किंवा निंबोळी यांचे तेल घाण्यात पिळून काढतात. ते उडून जात नाही, म्हणून त्यास स्थिर तेल म्हणतात. लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा, तुळस, निलगिरी व संत्र्याची साल यांतील सुगंध ज्या तेलांमुळे असतो ती तेले निराळी. ती हवेत उडून जातात, म्हणून त्यांस बाष्पनशील तेले असे नाव आहे. बहुधा ती ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वनस्पतीतून वाफ नेऊन व ती वाफ थंड करून मिळवितात. खानदेशात व सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा गवतापासून तेल काढण्याचा जुना धंदा याच रीतीचा होय.

प्रत्येक तेलात अनेक घटक असतात. पण बहुधा एक-दोन घटक मुख्य असतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, ओव्यात थायमॉल (बाजारात ज्याला ‘ओव्याचे फूल’ म्हणतात ते हेच), गवती चहात सिट्रल, रोशा तेलात जिरॅनिऑल, निलगिरीत सिनिऑल व संत्र्याच्या सालीत लिमोनिन. ही द्रव्ये वनस्पती मनुष्यासाठी तयार करीत नाही. किडींपासून व बुरशीपासून स्वतःचा बचाव करण्याच्या कामी ती तिला येतात.

कडुनिंबाचे तेल या गटात मोडत नाही. ते स्थिर तेल असून त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीच्या वाढीत व कात टाकण्यात बिघाड करते. त्याचा परिणाम सावकाश दिसतो. मुले हे दोन प्रकार एक समजतात. तेव्हा भेद स्पष्ट करावा.

(ई) तेलाने अळी कशी मरते : पूर्वी डबक्यांवर रॉकेल टाकीत. त्याचा थर पृष्ठभागावर पसरे, अळीची श्वासनळी हवेपर्यंत पोचत नसे व अळी गुदमरे. सुगंधी तेलाचे कार्य मुख्यतः असे नाही. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळले असता ते अळीच्या त्वचेतून, श्वासमार्गातून व तोंडावाटे तिच्या शरीरात जातात व मज्जासंस्थेच्या कार्यात अडथळा आणतात. अळी प्रथम अस्वस्थ होते, वेडीवाकडी फिरते, मग तळाशी जाऊन निश्चल होते. एकाच तेलातील निरनिराळे घटक निरनिराळ्या ठिकाणी आघात करीत असल्याने त्यास दाद न देणारी डासांची पिढी तयार होणे तुलनेने कठीण पडावे, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. प्रयोगशाळांतील पारखीत लवंग, दालचिनी व ओवा यांची तेले सामान्यतः प्रबळ ठरली आहेत. निलगिरीचे तेल त्या मानाने मंद आहे.

२. एक अनुभव

हा पाठ प्रस्तुत लेखकाने प्रथम घेतला तेव्हा त्याच्या हातून एक चूक घडली. ती येथे मुद्दाम नमूद करीत आहे, कारण पाठाचे सार तीत आहे.

लवंगेचे तेल पाण्यात विरघळत नाही. ते पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते. ते पाण्यात मिसळावे म्हणून मी ते साबणाच्या पाण्यात घोटून एका बरणीत घातले. दुसऱ्या बरणीत नुसते पाणी ठेविले. दोहोंत वीस-वीस अळ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीतील सर्व अळ्या मेल्या होत्या, दुसरीतील सर्व वळवळत होत्या. मी समाधानाने फळ्यावर निष्कर्ष लिहिला, आणि त्याच सायंकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींनाही तो सांगितला.

तिसऱ्या दिवशी सहावीतील एक मुलगी भीतभीत म्हणाली, “गुरुजी, दुसऱ्या बरणीत साबण कुठे घातला होता?”

मला उत्तर देता आले नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि अळ्या ज्या पृष्ठभागाला लोंबकळून श्वास घेतात तोच ढिला पडतो. साबणानेही अळ्या मरू शकतात. आम्ही प्रयोग पुन्हा केला. या वेळी तिसरी बरणी केवळ साबणाच्या पाण्याची होती. तीतील अर्ध्याहून अधिक अळ्या मेल्या. मग साबण कमी करीत करीत, ज्या प्रमाणात नुसत्या साबणाने अळ्या मरत नाहीत तेथपर्यंत आलो व त्या प्रमाणात तेल मिसळले. तेव्हा तेलाच्या बरणीतील अळ्या मेल्या व साबणाच्या बरणीतील जगल्या. माझा निष्कर्ष शेवटी खरा ठरला, परंतु तो मांडण्याचा अधिकार मला पहिल्या दिवशी नव्हता.

याहून मोठी चूक ओट्यावर झाली होती. माझे बोलणे ऐकून एका गृहस्थांनी दुकानातून लवंगेच्या तेलाची लहान बाटली आणून आपल्या हौदात रिकामी केली आणि दर आठवड्यास हौद घासण्याचा शिरस्ता बंद केला. पंधरा दिवसांनी मुलांसह त्या घरी गेलो, तो हौदाच्या कडेशी अळ्या व कोष यांची दाटी झालेली. त्या घरातील मुलगा तोवर तापाने आठ दिवस शाळेत आला नव्हता. त्याचा ताप त्याच हौदातील डासांनी आला असे मी म्हणू शकत नाही. मात्र हौद घासणे थांबले ते माझ्या शब्दावरून, हे मला विसरता येत नाही. गावात शिक्षकाचा शब्द चालतो. म्हणून तो अर्धा असून भागत नाही.

३. पाठाची मांडणी

विषयप्रवेश (एक तासिका) : टीपकागदाचे किंवा साध्या वर्तमानपत्राच्या कागदाचे दोन तुकडे घ्यावेत. एकावर गोड्या तेलाचा व दुसऱ्यावर निलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाकावा व ते उन्हात ठेवावेत. थोड्या वेळाने गोड्या तेलाचा डाग तसाच राहिलेला व निलगिरीच्या तेलाचा जवळजवळ नाहीसा झालेला दिसेल. “वास कोठून आला? तेल कोठे गेले?” असे प्रश्न विचारून, ज्या गुणामुळे तेलाचा सुगंध आपल्या नाकापर्यंत येतो त्याच गुणामुळे ते उघड्या पाण्यात फार दिवस टिकत नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. पुढील सर्व पाठाची किल्ली या एका निरीक्षणात आहे.

साहित्य : एकसारख्या काचेच्या चार बरण्या, मोजण्यासाठी लिटरचे माप, डोळ्यांत औषध घालण्याची नळी, अंगाचा साधा साबण, औषधाच्या दुकानातील लवंगेचे तेल, तुळशीची पाने, बरण्यांची तोंडे बांधण्यास पातळ कापड, पांढरी वाटी व पळी.

अळ्या गोळा करणे : शाळेच्या आवारातील जनावरांची डोण, फुटके माठ, टायर यांतून पळीने पाणी घेऊन पांढऱ्या वाटीत ओतावे, पांढऱ्या पृष्ठभागावर अळ्या चटकन दिसतात. साधारण एकाच आकाराच्या ऐंशी अळ्या निवडाव्या. कोष वेगळे काढावेत, कारण कोष सहजासहजी मरत नाही व मोजणीत घोटाळा होतो. ज्या ठिकाणी अळ्या सापडल्या त्या ठिकाणांची यादी मुलांनी वहीत करावी. ती पुढे उपयोगी पडेल.

कृती : प्रत्येक बरणीत एक लिटर पाणी घ्यावे.

बरणी क : नुसते पाणी.
बरणी ख : पाणी व साबणाच्या पातळ द्रावणाचा एक लहान चमचा.
बरणी ग : पाणी, तेवढेच साबणाचे द्रावण व त्यात घोटलेले लवंगेच्या तेलाचे चार थेंब.
बरणी घ : पाणी व तुळशीची दहा पाने, न चुरडता.

साबणाचे द्रावण आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः करून पाहावे व त्यात अळ्या जगतात इतके ते पातळ ठेवावे. तेल शिक्षकांनीच हाताळावे. प्रत्येक बरणीत वीस अळ्या सोडून तोंडास कापड बांधावे व बरण्या सावलीत ठेवाव्यात.

निरीक्षण : एका तासाने, शाळा सुटताना व चोवीस तासांनी प्रत्येक बरणीतील जिवंत व मृत अळ्या मोजाव्या. काडीने हलकेच स्पर्श केला असता जी मुळीच हलत नाही ती मृत समजावी. आकडे फळ्यावर तक्त्यात मांडावेत. नुसत्या पाण्याच्या बरणीतच वीसपैकी चाराहून अधिक अळ्या मेल्या, तर पाण्यात किंवा अळ्यांत काही दोष आहे असे समजून प्रयोग रद्द करावा व पुन्हा करावा. वर्ग मोठा असल्यास चार गट पाडून प्रत्येकाने हाच प्रयोग करावा. चारही गटांचे आकडे अगदी सारखे येणार नाहीत. ते का येत नाहीत यावर चर्चा घडवावी.

‘घ’ बरणीविषयी मुलांची अपेक्षा मोठी असते, कारण तुळस घरोघर आहे. आमच्या शाळेत त्या बरणीतील अळ्या दुसऱ्या दिवशीही वळवळत होत्या. तुळशीचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठविलेले असते. अखंड पान पाण्यात टाकल्याने ते अळ्या मारण्याइतके पाण्यात उतरत नाही. तुळशीत तेल असणे आणि ते पाण्यात पुरेशा प्रमाणात असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे सांगावे. तुळशीविषयीचा घरचा आदर दुखविण्याचे काहीच कारण नाही.

प्रयोगाचा दुसरा भाग : ‘ग’ बरणीतील मृत अळ्या काढून टाकाव्या व पाणी तसेच ठेवून बरणी उघडी सावलीत ठेवावी. तिसऱ्या व सहाव्या दिवशी त्याच पाण्यात दहा-दहा नव्या अळ्या सोडून काय होते ते पाहावे. सोडल्यावर मात्र तोंडास कापड बांधावे. दिवसागणिक पाण्याचा वास कसा कमी होतो तेही नोंदवावे. बहुतेक शाळा येथे थांबतात व पहिल्या दिवसाचा विजय पाहून पाठ संपवितात. वास्तविक खरा पाठ या दुसऱ्या भागात आहे.

प्रयोग संपल्यावर सर्व पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतावे. गटारात ओतू नये. एकही डास बरणीतून उडून जाऊ देऊ नये.

४. गणिताशी सांगड

तेलाचा एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅम भरतो. एक लिटर पाण्यात एक थेंब, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. प्रबळ तेलांना चोवीस तासांत परिणाम दाखविण्यास साधारण या मानाचे प्रमाण लागते असे धरून पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत. आपण बरणीत घातलेले प्रमाण याच्या चौपट होते, हेही लक्षात आणून द्यावे.

(१) २०० लिटरच्या पिंपास किती तेल लागेल? उत्तर : १० ग्रॅम.

(२) २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व १ मीटर खोल अशा भरलेल्या हौदात ३,००० लिटर पाणी असते. त्यास किती तेल लागेल? उत्तर : १५० ग्रॅम.

(३) ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी आहे. पाणी सुमारे २८,२६० लिटर. त्यास किती तेल लागेल? उत्तर : सुमारे १ किलो ४०० ग्रॅम.

(४) ताज्या गवती चहातून शेकडा अर्धा, म्हणजे १०० किलो गवतापासून अर्धा किलो तेल निघते असे धरल्यास, त्या विहिरीसाठी किती गवत कापावे लागेल? उत्तर : २८० किलो.

आणि काही दिवसांनी तेल उडून गेल्यावर पुन्हा तितकेच. गृहस्थांनी हौदात ओतलेली लहान बाटली दहा ग्रॅमची होती असे धरा. हौद तीन हजार लिटरचा असेल तर लिटरला किती तेल पडले? मुले हिशेब करतात आणि “गुरुजी, साडेतीन मिलिग्रॅमसुद्धा नाही!” असे आपण होऊन म्हणतात. त्या क्षणी जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही.

५. तेलाचे योग्य स्थान व घ्यावयाची दक्षता

तर मग सुगंधी तेले निरुपयोगी समजावीत काय? तसे नाही. जेथे पाणी थोडे आहे, पिण्याचे नाही, त्यात मासे नाहीत व ते ओतून टाकणे शक्य नाही, अशा लहान साठ्यांत त्यांचा उपयोग होऊ शकतो. तेल सूक्ष्म कोषिकांत बंदिस्त करून ते सावकाश पाण्यात सुटावे, अशा रीतीने ते अधिक काळ टिकविण्याचे प्रयत्न संशोधक करीत आहेत. आजच्या स्थितीत मात्र गावाने त्यावर भिस्त ठेवावी असे ते साधन नव्हे.

पुढील सूचना मुलांना व पालकांना आवर्जून सांगाव्यात :

(१) पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यात कोणतेही सुगंधी तेल घालू नये. ‘वनस्पतीचे’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा अर्थ होत नाही. निलगिरीचे किंवा कापराचे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

(२) शुद्ध तेल अंगावर किंवा डोळ्यांजवळ लावू नये. त्याने आग होते.

(३) ज्या हौदात गप्पी मासे सोडले आहेत त्यात तेल टाकू नये. लवंगेच्या तेलाने मासे बधिर होतात. माशांना भूल देण्यासाठी ते वापरतात. मात्रा अधिक झाल्यास मासे मरतात. अशा वेळी तेल उडून जाते व अळ्या खाणारा मासाही उरत नाही.

(४) गप्पी मासे बंदिस्त हौदांतच सोडावेत. ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या जलचरांस त्यांचा उपद्रव होतो. मासे व अळीनाशक औषध यांसाठी आरोग्यसेवकांची मदत घ्यावी.

६. पाठानंतरचे काम

अंड्यापासून डास होण्यास आठ ते दहा दिवस लागतात, आणि आठवड्याचे दिवस सात. या दोन आकड्यांतच उपाय आहे. आठवड्यातून एक दिवस घरातील पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करून मग भरली तर त्यांत डास पूर्ण वाढू शकत नाही. यालाच आपण ‘कोरडा दिवस’ म्हणतो. जी भांडी रिकामी करता येत नाहीत त्यांवर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. टायर, करवंट्या, फुटकी भांडी यांचा निकाल लावावा. डबकी मुरूम टाकून बुजवावीत.

अळ्या कोठे सापडल्या याची जी यादी मुलांनी केली होती ती आता काढावी. चार-पाच मुलांचे गट करून प्रत्येकाकडे एक आळी सोपवावी. गटाने घरधन्याची परवानगी घेऊन पाण्याची भांडी पाहावीत. किती भांडी पाहिली व किती भांड्यांत अळ्या आढळल्या एवढेच दोन आकडे लिहावेत. कोणाच्या घरात अळ्या सापडल्या हे वर्गात जाहीर करू नये. त्या घरचे मूल आपल्याच वर्गात बसलेले असते. असे चार आठवडे करून आलेख काढावा. आकडे उतरले तर मुलांना आपल्या कामाचे फळ दिसेल. न उतरले तर कोठे कमी पडलो याचा विचार करता येईल.

स्वाध्याय
१. नुसत्या साबणाच्या पाण्याची बरणी का ठेविली? ती नसती तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?
२. निंबोळीचे तेल व लवंगेचे तेल यांतील दोन भेद सांगा.
३. एडीस डासासाठी भांडे रिकामे करून पुरत नाही, ते घासावे लागते. का?
४. एका गृहस्थांनी हौदात तेल टाकले व दुसऱ्या दिवशी अळ्या मेल्या. त्यांना तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावीत. ज्या मुलाला “तेल किती टाकले? हौदात पाणी किती होते? आठ दिवसांनी पुन्हा पाहिले काय?” एवढे विचारता आले, त्याला हा पाठ समजला असे खुशाल समजावे. असे विचारणारे एखादे मूल त्या सायंकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर असते, तर एका घरचा हौद घासण्याचे थांबले नसते.